आडवा पाय

“ओढू नका तिला! ओढू नका म्हणते ना!”

पिठाच्या हातानंच मी धावले. मधल्या दारात आई उभी होती. एक दंड दिगूदादानं धरलेला, दुसरा मीनावहिनीनं, आणि दोघं मिळून तिला ज्वारीच्या पोत्यासारखं ओढत होती. अंग पुढं झुकलेलं, पाय मात्र उंबऱ्याच्या अलीकडं फरशीला चिकटलेले. आणखी एक हिसका बसला असता तर ती तोंडावरच गेली असती.

“चित्रा, मांडवात बायका खोळंबल्यात,” दादा म्हणाला. “आईच्या पाया पडल्याशिवाय बालाजीला हळद कशी लावायची?”

“खोळंबू देत. तिला ओढून चालत नाही, किती वेळा सांगायचं तुला?”

दोघांना बाजूला सारलं. आईसमोर उभी राहिले आणि माझा उजवा पाय तिच्या पावलांपुढं आडवा ठेवला. तिनं खाली बघितलं. थोडा वेळ गेला. मग तिनं पाय उचलला, माझ्या पायावरून पलीकडं टाकला, त्यामागं दुसरा, आणि त्याच झपाट्यात उंबरा ओलांडून ती मांडवात गेलीसुद्धा.

“काय जादू करतीस गं बाई!” शेजारची अनसूयाकाकू म्हणाली.

जादू कसली डोंबलाची! आईला पार्किन्सन होता. मेंदूतून पायाला निघालेला निरोप दारात, वळणावर, अरुंद जागेत अडकायचा. मोकळ्या अंगणात चालणारी बाई दारात खिळून जायची. पण समोर काही आडवं पडलं असलं की तेच पाय ते ओलांडायला आपोआप उठायचे. हे मला सोलापूरच्या डॉक्टरांनी शिकवलं नाही. एकदा दारात झोपलेलं मांजर तिनं सहज ओलांडलं, ते बघून मी शिकले.

पहिल्यांदा पाय घातला तेव्हा तिचा आवाज अजून शाबूत होता. “अगं चिमे, माणसाला ओलांडू नये. वाढ खुंटती,” ती म्हणाली होती. मला ती लहानपणापासून चिमीच म्हणायची.

“आता मला काय ताडमाड व्हायचंय?”

“तरीपण.” आणि परत घरात येताना तिनं मला मुद्दाम पाय घालायला लावला. उलटं ओलांडलं की दोष जातो म्हणे. तेव्हापासून तो रिवाजच पडला. जाताना एकदा, येताना एकदा. बाहेर कितीही ऊन असो, येताना ती माझ्या पायाची वाट बघत दारात थांबायचीच.

हा आजार धाड घालून येत नाही, मुंगीच्या पावलानं येतो. आधी तिला वास येईनासा झाला. दूध करपून घरभर धूर झाला तरी ती शेजारी बसून शेंगा फोडत होती. मग रांगोळी लहान व्हायला लागली. बार्शीत आमच्या गल्लीत अख्खं अंगण भरणारी तिची रांगोळी ताटाएवढी झाली, मग वाटीएवढी. मग उजव्या हाताचा अंगठा. चिमटीतलं कुंकू सोडावं तसा तो बोटावर फिरत राहायचा, चिमटीत काही नसताना. मी तेव्हा नुकतीच डी.एड. झाले होते. आण्णांना, म्हणजे आमच्या वडलांना, जाऊन वर्ष झालं होतं, आणि डॉक्टर म्हणाले, हा बरा होत नाही, हळूहळू खाली उतरतो. किती हळूहळू, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

पुढं तिचा चेहरा गेला. डोळे होते, नाक होतं, पण हसू नाही, राग नाही, काही नाही. लिंपलेल्या भिंतीसारखा चेहरा. नात्यातल्या बायका म्हणायला लागल्या, सुभद्राबाईला भारी शिष्टपणा आलाय. आणि मग आवाज. आधी हळू, मग पुटपुट, मग नुसते ओठ. घरात टीव्ही, मिक्सर, दादाची पोरं. त्यात ओठ हलवणाऱ्या बाईकडं कोण बघतंय? आवाज गेला की लोक समजतात, हिला बोलायचंच नाही.

औषध म्हणजे पिवळी अर्धी गोळी, दिवसातून चार-पाच वेळा. आमच्या घरात औषध आधी देवाला दाखवायचं आणि मग घ्यायचं, ही रीत आण्णांच्या दम्यापासूनची. आई देवघरापुढं खुर्चीत बसायची, मी तिच्या तळहातावर गोळी ठेवायची, तो कापणारा हात ती देवीच्या टाकापुढं धरायची आणि मी पाणी आणायला वळायची. पाणी घेऊन येईतोवर गोळी तोंडात गेलेली असायची. तासाभरात किल्ली दिल्यासारखी ती सुटायची. किल्ली उतरली की परत लाकूड.

एकदा डॉक्टरांनी गोळी वाढवून दिली आणि भलतंच झालं. मान डोलायला लागली, मग खांदे, मग कंबर. सगळं अंग आपोआप हेलकावे घ्यायला लागलं. नेमकी तेव्हाच अनसूयाकाकू विरजण मागायला आली. आईला बघितलं आणि हातातली वाटी खाली ठेवून तिनं आईच्या पायावर डोकं टेकलं.

“उदो गं आई! माझ्या नातीचं बाळंतपण सुखरूप होऊ दे!”

“काकू, उठा! देवी नाही, औषध जास्त झालंय!”

“तुला काय कळतंय? चार बुकं शिकली म्हणून!” काकू माझ्यावरच उखडली.

डॉक्टरांनी गोळी परत अर्ध्यावर आणली, अंग थांबलं. पण त्या दिवशी काकू पायावरून उठून गेली तरी आई दाराकडं कितीतरी वेळ बघत होती. मला वाटलं, बिचारी दमलीय.

हे सगळं सांगायचं कारण, बालाजीच्या, म्हणजे धाकट्या भावाच्या लग्नाच्या आधी आई एकाएकी फारच ढासळली. दुपारची गोळी जणू मातीत जायची. दुपारभर खाटेवर पडून राहायची, कूस बदलता यायची नाही, बोटं आत वळायची. चमच्यानं पाणी घातलं तर निम्मं हनुवटीवर. मी घाबरले. हा पुढचा टप्पा आला, असंच मला वाटलं. दादालाही तेच वाटलं, आणि त्याला ते सोयीचं पडलं.

हळद उरकली, बायका घरोघर गेल्या, आणि आबामामा आत येऊन आईच्या खाटेजवळ बसले. मामांना दादानं गाठून आणलंय, हे मला त्यांच्या खाकरण्यावरूनच कळलं.

“चित्रा, लग्न झाल्यावर अक्काचं काय?”

“काय म्हणजे? आहे तसंच.”

“लातूरला एक केंद्र आहे, असल्याच आजाराच्या माणसांचं. नर्स असती, व्यायाम करून घेतात. दिगूनं जागा बघून ठेवलीय.”

“मला न विचारता?”

“तुला विचारलं की तू पाय आडवा घालणार,” दादा म्हणाला. “आईपुढं घालतीस तसा सगळ्यांपुढं घालतीस तू. आणि तू तरी कुठं विचारलंस? किनवटच्या शाळेवर तुझी निवड झालीय. सोमवारी हजर नाही झालीस तर वय संपलं, परत संधी नाही. हे मला बाहेरून कळतंय!”

“आईला तेवढं सांगितलं होतं. जायचंच नाही तर तुम्हाला सांगून काय करू?”

“वन्सं, आम्हाला काय हौस आहे का?” मीनावहिनी म्हणाली. “उद्या नवी सून येणार घरात. आत्याबाई पडल्या, काही कमी-जास्त झालं, तर कोण बघणार?”

“मी. इतकी वर्षं कोण बघतंय? तू?”

बालाजी पिवळ्या अंगानं दारात उभा होता. “ताईचंपण बरोबर आहे,” तो म्हणाला, आणि दादानं बघितल्यावर मांडवाकडं निघून गेला.

“मामा, मी जिवंत असेपर्यंत आई या घराबाहेर जाणार नाही,” मी म्हणाले. “खाली फरशीवर झोपीन, मोलमजुरी करीन, पण तिला असं टाकून देऊ देणार नाही.”

“अगं, अक्काला तरी विचारा की.”

“तिला काय विचारायचं? कुठल्या आईला आपलं घर सोडावंसं वाटेल?”

आईचे ओठ हलले. मामांनी वाकून कान नेला. “काही कळत नाही बुवा,” ते म्हणाले. मीपण कान लावला. नुसता वारा येत होता. तिनं परत जोर लावला, मान ताठ झाली, गळ्याच्या शिरा वर आल्या, आणि ओठांच्या कोपऱ्यातून लाळ गळली. मी ती पदरानं पुसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

“बघा! रडायला लागली ती!” मी म्हणाले. “झालं समाधान?”

दादानं मान खाली घातली. मामा गुडघ्यावर हात टेकून उठले. “ठीक आहे. चित्रा म्हणती तसं. पण पोरी, मागनं कुरकुर करायची नाही.”

“नाही करणार.”

जिंकले मी. स्वयंपाकघरात गेले, तवा चढवला आणि भाकरी थापता थापता हमसून हमसून रडले. कारण मला जायचं होतं हो! किनवट काय, त्याच्या पलीकडं कुठं असतं तरी गेले असते. एक खोली, माझी स्वतःची, आणि सकाळी घंटा झाल्यावर समोर रांगेत पोरं. दहा वर्षं मी ते स्वप्न बघत होते. पण आईला परक्याच्या हातात देऊन जाऊ? तिला दारात कसं चालवायचं, हे तिथं कुणाला ठाऊक असणार? एक भाकरी करपली, दुसरीपण करपली. रात्रीच्या पंगतीत तीच वाढली मी.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी गोंधळ. तुळजापूरची भवानी आमचं कुलदैवत, लग्नानंतर गोंधळ घातल्याशिवाय सून घरची होत नाही. तो रात्री घालायचा, पण गोंधळ्यांनी संध्याकाळची कुर्डुवाडीची सुपारी घेतलेली, म्हणून दुपारीच घालायचं ठरलं. “ताई, आता देवीपण समजून घेती,” त्यांचे शाहीर हसून म्हणाले. मांडवात चौक भरला, कलश मांडला, दिवटी पेटली.

आईनं सकाळची गोळी तेवढी घेतली आणि ओठ मिटून घेतले. चहा नको, खाणं नको. मी जबरदस्ती केली नाही. नवरा-नवरीला भंडारा लावायचा मान वरमाईचा, म्हणून देवघरातली भंडाऱ्याची पितळी डबी मी तिच्या मांडीवर ठेवली. हळदीनं भरलेली ती डबी गेले कित्येक दिवस ती कुणाला उचलू देत नव्हती. आज मांडीवर आली तशी तिनं दोन्ही हातांनी ती घट्ट धरली. बालाजी आणि नवी नवरी पुढं वाकली. आईची बोटं डबीत गेली, दोघांच्या कपाळावर वाकड्यातिकड्या पिवळ्या रेघा उमटल्या. मग तिनं चिमूटभर भंडारा स्वतःच्या तोंडात टाकला. परत टाकला. परत. हनुवटी पिवळी झाली.

“अगं पुरे, ठसका लागेल,” मी तोंड पुसलं आणि पाणी पाजलं. अख्खा पेला तिनं पिऊन टाकला. किती दिवसांनी! मला केवढं बरं वाटलं.

संबळ सुरू झाला. गणपतीला नमन झालं. शाहीर एकेका देवाला नाव घेऊन गोंधळाला बोलवत होते. माझं लक्ष स्वयंपाकाकडं, पंगतीकडं. मध्येच बघितलं तर आईचा पाय ठेका धरत होता. वा, आज गोळी लागू पडली, मी मनात म्हणाले.

मग तिची मान डोलायला लागली. मग खांदे.

माझ्या हातातलं ताट खाली पडलं. हे मी ओळखत होते. पण मी तर सकाळी अर्धीच गोळी दिली होती! माझ्या हातानं दिली होती!

आई उठली. खुर्चीला हात न लावता, कुणाचा आधार न घेता उठली. डबी घरंगळली. सगळं अंग हेलकावत ती सरळ चौकापर्यंत चालत गेली आणि दिवटीपुढं उभी राहिली. केस सुटले. अनसूयाकाकूची आरोळी घुमली, “उदो! आई राजा उदो उदो!” आणि बघता बघता मांडव वाकला. मामा वाकले, वहिनी वाकली, नवी नवरी घाबरून आडवीच झाली. संबळवाला चेकाळला, हात थांबेनात त्याचे.

“संबळ बंद करा!” मी ओरडले. “देवी नाही ती! गोळ्या जास्त झाल्यात तिला! पडेल ती! डॉक्टरला फोन करा कुणीतरी!”

मामांनी माझा दंड धरून मला मागं खेचलं. “तोंड आवर! देवीला गोळी म्हणतीस?”

“मामा, मी औषध देते तिला रोज! मला माहितंय!”

“गप बस म्हणतो ना!”

कुणी ऐकेना. मी घसा फोडून ओरडत होते आणि कुणाच्याही कानात माझा एक शब्द शिरत नव्हता. शाहिरांनी हात वर केला तेव्हा संबळ थांबला. ते हात जोडून आईपुढं बसले.

“आई, लेकरांचं काय चुकलं? काय मागणं आहे?”

तान्ही पोरंसुद्धा गप्प झाली. सगळे आईच्या तोंडाकडं बघत होते.

आणि आई बोलली. घोगरा आवाज, मध्ये मध्ये श्वास तुटत होता, पण शब्द न् शब्द मागच्या ओळीपर्यंत गेला.

“या घरात एक पोर बांधून घातलीय.”

“कुठली पोर, आई?”

डोलत डोलत तिचा हात उठला आणि माझ्यावर थांबला. “ही. हिला तिच्या शाळेवर धाडा. सोमवारच्या आत.”

“उदो उदो! देवीला वारसुद्धा माहिती!” मागून कुणीतरी रडवेल्या आवाजात म्हणालं.

दादा गुडघ्यावर बसला होता. “आणि आमच्या म्हातारीचं, आई?”

“म्हातारीला लातूरला न्या. भलं होईल तिचं. ही आडवी येईल. हिचं ऐकू नका.”

“खोटं आहे!” मी मामांचा हात झटकला. “आई, असं बोलायचं नाही तू! कुणी विचारलं तुला? मी सांगितलंय ना, मी बघीन म्हणून! मी कुठं जात नाही!”

ती माझ्याकडं आली. लोकांनी वाट करून दिली. तिचं सगळं अंग हलत होतं, आणि चेहरापण. हो, चेहरा! भुवया हलत होत्या, गाल हलत होते. मी तो चेहरा विसरून गेले होते. तिनं आपला पिवळा तळहात माझ्या तोंडावर दाबला आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली,

“चिमे, गप. किती वर्षांनी ऐकायलेत मला.”

तिचा हात ओठांवर होता. जिभेला हळद लागली, आणि हळदीत काहीतरी कडू, औषधासारखं.

संध्याकाळपर्यंत तिचं अंग डोलत राहिलं. घाम, कोरड्या उलट्या. मग एकाएकी थांबलं आणि ती परत लाकूड झाली. डॉक्टरांनी फोनवर काय करायचं ते सांगितलं, मी ते केलं. मांडवात पंगती उठत होत्या. मी घरंगळलेली डबी मांडवातल्या खुर्चीखालून शोधून काढली आणि ताटात उपडी केली. भंडाऱ्यात गोळे होते. ओल्या बोटांनी ठेवलेल्या, विरघळून एकमेकींना चिकटलेल्या अर्ध्या अर्ध्या पिवळ्या गोळ्या. खाऊन उरलेल्या. पिवळ्यात पिवळं, कुणाला दिसणार?

दुपारच्या गोळ्या होत्या त्या. मी पाणी आणायला वळले की हात देवीपुढून तोंडाकडं जातच नव्हता, डबीत जात होता. म्हणजे आजार पुढं सरकलाच नव्हता. रोज दुपारी ती जाणूनबुजून लाकूड होत होती. कूस बदलता येत नव्हती, तोंडावर माशी बसली तरी हाकलता येत नव्हती, आणि ती गोळी साठवत होती. या एका दिवसासाठी. उपाशी पोटी गोळी लवकर चढते, म्हणून सकाळपासून खाणंही नको होतं तिला. बाई गं! मी त्या ताटापुढं बसले आणि छाती बडवून घ्यावीशी वाटली.

ताट घेऊन मी दादाकडं गेले. मनात आशा होती. अजूनही मी हे मोडू शकत होते.

“हे बघ. देवीबिवी काही नाही. आईनं गोळ्या साठवून खाल्ल्या. तिच्या अंगात कुणी आलं नव्हतं.”

दादानं एक गोळा उचलला, बोटांत चुरडला, वास घेतला. कपाळावरचा भंडारा घामानं खाली ओघळला होता.

“म्हणजे हे सगळं आपली आईच बोलली?”

“हो! तेच सांगतेय मी!”

“मग तर ऐकावंच लागेल की गं, चित्रा,” तो म्हणाला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. “आपण कुठं कधी ऐकलं तिचं?”

देवीशी भांडता आलं असतं मला. हिच्याशी कशी भांडू?

रविवारी सकाळी गाडी आली. माझी पिशवी भरलेली, तिची ट्रंक भरलेली. गल्लीतल्या बायका आईच्या पाया पडायला रांग लावून आल्या, अनसूयाकाकूनं देवीची म्हणून खणानारळानं ओटी भरली. आई ताठ बसून होती, चेहरा परत लिंपलेला. दादानं हात देऊन तिला उठवलं. मधल्या दारापर्यंत ती आली आणि उंबऱ्यापाशी तिचे पाय चिकटले.

दादानं यावेळी ओढलं नाही. हात सोडून तो बाजूला झाला. “चित्रा,” तो म्हणाला.

मी दोन्ही पाय जुळवून उभी राहिले. नाहीच घालणार. बघू कशी जाते! सगळी गल्ली बघत होती. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. आई खाली बघत होती, माझ्या पावलांकडं. तिचा अंगठा बोटावर फिरत होता, फिरत होता. ती वाट बघत होती. घाई नव्हती तिला. ती दिवसभर तशीच उभी राहिली असती.

“आई, नको ना गं,” मी म्हणाले.

तिनं नजर उचलली, माझ्याकडं बघितलं आणि परत खाली नेली.

मी पाय आडवा ठेवला.

तिनं पाऊल उचललं, माझ्या पायावरून टाकलं. मग दुसरं. उंबरा ओलांडला, अंगणात गेली. गाडीच्या दारापाशी पोचली आणि तिथं थांबून चिमणीच्या पावलांनी मागं वळायला लागली.

“आता काय राहिलं?” मामा म्हणाले.

काय राहिलं ते मला माहीत होतं. ती उलटं ओलांडायला येत होती. मी धावत गेले आणि तिला मिठी मारली. “राहू दे आई. नाही खुंटत काही. परत येशील तेव्हा ओलांड.”

ती परत आली नाही. मी सुट्टीला लातूरला जायची, तिथल्या दोन नर्सना मी पाय आडवा घालायला शिकवलं. आधी चालणं गेलं, मग बसणं, मग गिळणं. एका हिवाळ्यात पाण्याचा घोट चुकीच्या वाटेनं गेला.

निरोप आला तेव्हा मी वर्गात होते, हातात खडू. पोरांना म्हटलं, पुस्तक काढा, वाचत बसा, आणि निघाले. वर्गाच्या दारात माझे पाय थांबले. कितीतरी वेळ मी तिथंच उभी होते. पोरं वाचत होती.